वक्र दिक्काल आणि वेगाची किंमत

शास्त्रीय कल्पनांचें परीक्षण साहित्याच्या मासिकांत कां यावें, असा प्रश्न कित्येकदां विचारला जातो. त्याचें एक उत्तर असें कीं, कांहीं कल्पना जन्मतःच दोन घरांच्या असतात. त्यांचें आजोळ कथेंत असतें आणि कुलनाम मात्र गणिताचें असतें. अशा कल्पनेचा विचार एकट्या गणितज्ञानें केला तर तिचें आकर्षण कोठून आलें हें उमगत नाहीं, आणि एकट्या रसिकानें केला तर तिच्यांत तथ्य किती हें कळत नाहीं. दिक्काल वांकवून अवकाशयानाला प्रकाशाहूनहि अधिक वेगानें नेतां येईल काय, हा प्रश्न या जातीचा आहे. मिगेल आल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञानें, वेल्समधील कार्डिफ येथें असतांना, १९९४ सालीं ‘क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी’ या नियतकालिकांत अवघ्या पांच पानांचा एक लेख लिहून या प्रश्नाला गणिताचें रूप दिलें. त्या पांच पानांमागें दोन प्रकारचें लेखन उभें राहिलें : एक शास्त्रीय निबंधांचें, दुसरें कथांचें आणि वृत्तपत्री लेखांचें. पहिल्यानें मूळ लेखांतील हिशेब पुढें चालविला. दुसऱ्यानें बहुधा त्यांतील वेग तेवढा उचलला आणि किंमतीचा आंकडा गाळून टाकला. हा गाळलेला आंकडा पुन्हां जागेवर लिहिल्यानें कथेची हानि होते कीं तिचा लाभ होतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम गरज काय होती तें पाहूं. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा. तो सुमारें सव्वाचार प्रकाशवर्षें दूर आहे. १९७७ सालीं निघालेलें व्हॉयेजर-१ हें यान सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर या वेगानें सूर्यापासून दूर चाललें आहे. त्याच वेगानें प्रॉक्सिमापर्यंतचें अंतर तोडावयाचें तर सुमारें ७५,००० वर्षें लागतील. गंमत अशी कीं, या यानालाहि वक्रतेचें साह्य मिळालेलेंच आहे. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धान्ताप्रमाणें गुरुत्वाकर्षण म्हणजे वस्तुमानामुळें दिक्कालाला आलेली वक्रता. १९७९ मध्यें गुरूजवळून आणि १९८० मध्यें शनीजवळून जातांना व्हॉयेजरचा वेग वाढला. त्याचा हिशेब न्यूटनच्या गणितानेंहि चोख होतो, पण नव्या भाषेंत तो वक्र दिक्कालाचाच उपयोग होय. मात्र हा वेग फुकट आला नाहीं. यानाला जेवढी ऊर्जा लाभली तेवढी त्या ग्रहाच्या सूर्यप्रदक्षिणेंतून वजा झाली. ग्रह इतका अवाढव्य कीं त्याला या खर्चाची दादहि लागली नाहीं, एवढेंच. सावकार मोठा असला म्हणून कर्जाचें दान होत नाहीं. आणि हें सूत्र पुढील सर्व विवेचनांत ध्यानांत ठेवावें लागेल.

पुष्कळांची समजूत असते कीं, १९०५ च्या सापेक्षतावादानें प्रकाशाच्या वेगाची मर्यादा घालून दूरच्या ताऱ्यांचा मार्गच बंद केला. प्रवाशापुरतें पाहिलें तर हें खरें नाहीं. प्रकाशाच्या वेगाच्या शेंकडा ९९ इतक्या वेगानें जाणारें यान मिळालें, तर पृथ्वीवरील घड्याळांप्रमाणें प्रॉक्सिमाला पोंचण्यास चार वर्षें साडेतीन महिने लागतील. परंतु यानांतील घड्याळांप्रमाणें केवळ सव्वासात महिने लोटतील. वेग प्रकाशाच्या आणखी जवळ नेला तर हा अवधि आणखी आंखडतो. प्रवाशाच्या आयुष्यांत दूरचा तारा बसविण्यास निसर्गाचा नियम आड येत नाहीं. आड येतो तो इंधनाचा डोंगर. मग ती मर्यादा ओलांडण्याची एवढी तळमळ कशासाठीं?

तिचें कारण प्रवाशाच्या घड्याळांत नसून मागें राहिलेल्यांच्या घड्याळांत आहे. भागवतांत ककुद्मी राजाची कथा येते. कन्या रेवती हिच्यासाठीं वर विचारावा म्हणून तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला. आणि मग आपला प्रश्न विचारतांच ब्रह्मदेव हंसला, कारण तेवढ्या वेळांत भूलोकीं सत्तावीस चतुर्युगें उलटून गेलीं होतीं आणि राजानें मनांत योजिलेल्या वरांचीं नांवेंहि उरलीं नव्हतीं. या कथेंत सापेक्षतावाद शोधून काढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं. तो खटाटोप व्यर्थ आहे. कथाकाराजवळ ना वेगाचें सूत्र होतें, ना त्याला त्याची गरज होती. पण दूर गेलेल्या माणसाचें खरें दुःख कोणतें हें त्यानें अचूक ओळखलें होतें. तें दुःख अंतराचें नव्हे. परत आल्यावर ओळखीचें कोणी न उरण्याचें आहे. सापेक्षतावादाचें गणित प्रवाशाला तारा देतें, पण त्याचे समकालीन हिरावून घेतें.

आल्कुबिएरेच्या लेखाचें खरें प्रलोभन येथें आहे. सापेक्षतावादाची मर्यादा ही दिक्कालांतून धांवणाऱ्या वस्तूला आहे. दोन दूरच्या स्थळांमधील अवकाश किती वेगानें पसरावें यावर तशी मर्यादा नाहीं. अतिदूरच्या तारकाविश्वांचें आपल्यापासूनचें अंतर प्रकाशाच्या वेगाहूनहि अधिक वेगानें वाढत आहे, आणि त्यांत कोणताहि नियम मोडत नाहीं. तेव्हां यानाभोंवतीं दिक्कालाचा असा एक बुडबुडा कल्पिला कीं ज्याच्या पुढील बाजूचा अवकाश आकसतो आणि मागील बाजूचा पसरतो, तर आंतलें यान आपल्या जागीं जवळजवळ स्वस्थ असूनहि बुडबुड्यासह वाटेल तितक्या वेगानें पुढें सरकेल. आंतल्या प्रवाशाला धक्का बसणार नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्याचें घड्याळ व घरचें घड्याळ एकाच गतीनें चालेल. ककुद्मी ब्रह्मलोकाहून परत येईल तेव्हां त्याचे इष्टमित्र वेशीवर उभे असतील. पांच पानांच्या लेखांत वाचकाच्या हृदयाला हात घालणारें जर कांहीं असेल तर तें हें. वेगाचा आंकडा नव्हे.

ही कल्पना सामान्य वाचकाला सांगतांना लेखक बहुधा सतरंजीचा दृष्टान्त देतात : मुंगीनें धांवूं नये, सतरंजीच पुढून गोळा करावी. दृष्टान्त सोपा आहे, पण तो कल्पनेचा प्राण नव्हे. जोझे नातारियो या पोर्तुगीज गणितज्ञानें २००२ सालीं दाखवून दिलें कीं, अवकाश कोठेंहि न आकसतां वा न पसरतां, नुसता सरकत जाईल असाहि बुडबुडा गणितांत मांडतां येतो. म्हणजे जी गोष्ट सर्व लोकप्रिय लेखांत ‘यंत्राची युक्ति’ म्हणून सांगितली जाते, ती युक्ति नसून त्या एका मांडणीचा विशेष होता. शास्त्रीय विषयावर लिहिणाऱ्यांनीं दृष्टान्त वापरूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण दृष्टान्त हें दार आहे, घर नव्हे, एवढें वाचकाला सांगितलें पाहिजे.

मूळ लेखाकडे वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचे दोन गुण डोळ्यांत भरतात. पहिला गुण कृतज्ञतेचा. आपली रचना विज्ञानकथेंतील ‘वॉर्प ड्राइव्ह’ची आठवण करून देणारी आहे, हें लेखकानें आरंभींच्या सारांशांतच मोकळेपणानें म्हटलें आहे, १९६६ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी-मालिकेनें तें नांव घरोघर नेलें होतें. कथेनें शास्त्राला प्रश्न पुरविल्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. कार्ल सेगन यांनीं ‘कॉन्टॅक्ट’ ही कादंबरी लिहितांना आपली नायिका दूरच्या ताऱ्याकडे कशी पाठवावी याबद्दल किप थॉर्न यांचा सल्ला घेतला. सेगन यांच्या मनांत कृष्णविवराची वाट होती. थॉर्न यांनीं तिच्याऐवजीं कृमिविवर, म्हणजे दिक्कालाच्या दोन ठिकाणांना जोडणारें भुयार, सुचविलें. कादंबरी १९८५ मध्यें प्रसिद्ध झाली. आणि त्याच विचारांतून मायकेल मॉरिस व थॉर्न यांचा कृमिविवरांवरील निबंध १९८८ मध्यें बाहेर पडला. दुसरा गुण सचोटीचा. कृमिविवराप्रमाणेंच आपल्या बुडबुड्यालाहि विलक्षण द्रव्य लागेल, असें आल्कुबिएरेनें त्याच सारांशांत लिहून ठेवलें. प्रलोभन आणि किंमत हीं दोन्ही त्यानें एकाच पानावर मांडलीं. पुढच्या पुष्कळ लेखकांना हें साधलें नाहीं.

ती किंमत अशी. आपल्या परिचयाच्या प्रत्येक द्रव्याची ऊर्जा धन असते. म्हणूनच गुरुत्वाकर्षण ओढतें, ढकलत नाहीं. बुडबुड्याची भिंत उभी करण्यास ऋण ऊर्जा लागते, म्हणजे रिकाम्या अवकाशाहूनहि कमी ऊर्जा असलेलें कांहीं तरी. असें कांहीं निसर्गांत मुळींच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. हेंड्रिक कासिमिर या डच शास्त्रज्ञानें १९४८ मध्यें दाखविलें कीं, धातूचे दोन पत्रे अत्यंत जवळ आणले तर त्यांमधील रिकाम्या जागेची ऊर्जा किंचित् ऋण होते, आणि ते परस्परांकडे ओढले जातात. ही ओढ पुढें प्रयोगांनीं मोजलीहि गेली. पण ती अति क्षुद्र आहे, आणि यानाला लागणारा सांठा किती तें पाहिलें म्हणजे छाती दडपते. मायकेल फेनिंग व लॅरी फोर्ड यांनीं १९९७ मध्यें गणित करून सांगितलें कीं, ऋण ऊर्जेवरील पुंजवादाचीं बंधनें मानलीं तर बुडबुड्याची भिंत अणुगर्भाहूनहि कल्पनातीत पातळ असावी लागेल, आणि १०० मीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला लागणारी ऋण ऊर्जा साऱ्या दृश्य विश्वाच्या वस्तुमानाहून कितीतरी अधिक भरेल. क्रिस व्हान डेन ब्रुक यांनीं १९९९ मध्यें बुडबुडा बाहेरून अणुगर्भाहूनहि लहान आणि आंतून प्रशस्त, अशी युक्ति लढवून हा आंकडा कांहीं सूर्यांच्या वस्तुमानापर्यंत खालीं आणला. ही मोठीच काटकसर झाली. पण सूर्य खर्ची घालून करावयाच्या काटकसरीला गृहस्थाश्रमी माणूस काटकसर म्हणणार नाहीं.

शिवाय दुसरी अडचण पैशाची नसून लगामाची आहे. बुडबुडा प्रकाशाहून वेगानें चालला कीं आंतल्या माणसानें सोडलेला कोणताहि संकेत पुढच्या भिंतीपर्यंत पोंचूं शकत नाहीं. कप्तानाला आपलें जहाज सुरू करतां येत नाहीं, वळवितां येत नाहीं, थांबवितांहि येत नाहीं. सेर्गेई क्रास्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें या गोष्टीवर बोट ठेवलें. तेव्हां वाटेवर आधींच कोणीतरी जाऊन सर्व सामग्री मांडून ठेवली असली पाहिजे. म्हणजे ही नौका नसून आगगाडी झाली, आणि रूळ टाकणाऱ्या गँगला मात्र प्रकाशाहून मंद गतीनेंच जावें लागणार. पहिला प्रवासी केव्हांहि जुन्याच नियमाचा बांधील राहतो. घरच्यांचा निरोप घेऊन कायमचें जाणें त्याच्या वाट्याला येतेंच. एवढ्यावरहि भागत नाहीं. ॲलन एव्हरेट यांनीं १९९६ मध्यें दाखविलें कीं, असे दोन बुडबुडे योग्य रीतीनें योजिले तर निघण्यापूर्वींच परत येणें संभवतें. म्हणजे कार्यकारणभावाचाच धागा तुटतो. २००९ मध्यें फिनात्सी, लिबेराती आणि बार्सेलो यांनीं पुंजवादाच्या आधारें असा निष्कर्ष काढला कीं, प्रकाशाहून वेगवान बुडबुडा टिकणारच नाहीं.

या वादाचा शेवट झालेला नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. एरिक लेंट्झ यांनीं २०२१ मध्यें केवळ धन ऊर्जेवर चालणारा अतिवेगवान बुडबुडा मांडल्याचा दावा केला; हेसिका सान्तियागो, सेबास्टियन शुस्टर व मॅट व्हिसर यांनीं २०२२ मध्यें अशा सर्व रचनांत ऋण ऊर्जेची गरज चुकत नाहीं असें प्रतिपादन केलें. अलेक्सी बोब्रिक व जियानी मार्टिरे यांनीं २०२१ मध्यें, आणि इतर अभ्यासकांनीं २०२४ मध्यें, ऋण ऊर्जा न वापरणारे बुडबुडे मांडले आहेत. परंतु ते प्रकाशाहून मंद चालणारे आहेत, आणि त्यांना वेग द्यावयाचा कसा हा प्रश्न त्यांच्यापुढेंहि उभाच आहे. धन द्रव्यावर समाधान मानलें कीं अतिवेग जातो, आणि अतिवेगाचा हट्ट धरला कीं ऋण द्रव्य दारांत उभें राहतें. व्हॉयेजरच्या वेळीं गुरूनें जो हिशेब भरला, तो येथें कोणी भरावा हें ठरलेलें नाहीं.

आतां ‘शक्य’ या शब्दाकडे वळूं. ‘प्रकाशाहून वेगवान प्रवास शक्य असल्याचें शास्त्रज्ञांनीं दाखविलें’ असें वाक्य वाचकाच्या नेहमीं नजरेस पडतें. आइन्स्टाइनच्या समीकरणांची रचना अशी आहे कीं, आधीं हवा तसा दिक्काल कल्पावा आणि मग त्यासाठीं कोणतें द्रव्य लागेल हें समीकरणाला विचारावें, हा उलटा मार्गहि त्यांत खुला असतो. आल्कुबिएरेनें हेंच केलें. या मार्गानें मिळणारें उत्तर म्हणजे परवानगी नव्हे. तें किंमतीचें पत्रक होय. मोत्यांचा राजवाडा बांधावयास किती मोतीं लागतील हें गणित सोडविल्यानें मोतीं हातीं येत नाहींत. समीकरण अमुक एक गोष्ट नाकारीत नाहीं, आणि निसर्ग ती गोष्ट देऊं करतो, या दोन विधानांमध्यें जें अंतर आहे तें प्रॉक्सिमाच्या अंतराहून लहान नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, विमानाविषयींहि एके काळीं शहाणे लोक असेंच बोलत होते. आक्षेप ऐकण्यासारखा आहे, पण उपमा जुळत नाहीं. विमानाची चेष्टा करणाऱ्यांच्या डोक्यावरून रोज पांखरें उडत होतीं. हवेहून जड वस्तु हवेंत तरंगते याचा पुरावा अंगणांत होता. ऋण ऊर्जेच्या राशींचा असा एकहि पक्षी अद्याप आकाशांत दिसलेला नाहीं. कासिमिरचे पत्रे हें फार तर एखादें गळून पडलेलें पीस. पिसावरून पक्ष्याचें अनुमान करण्यास हरकत नाहीं. पण तिकिटें विकण्यास मात्र हरकत आहे. आणि तरीहि हा उद्योग निष्फळ नव्हे. मॉरिस-थॉर्न यांनीं आपल्या निबंधाला सापेक्षतावाद शिकविण्याचें एक साधन असें म्हटलें होतें, तें विनयानें नव्हे, यथार्थतेनें. सिद्धान्ताच्या सीमेवर जाऊन तेथील कुंपण चांचपून पाहणें हा सिद्धान्त समजून घेण्याचा उत्तम मार्ग आहे.

हें सर्व कथेला काय शिकवितें? ‘स्टार ट्रेक’नें बुडबुड्याचा वेग फुकट घेतला. त्यामुळें दर आठवड्याला नवा ग्रह दाखवितां आला. पण सारें नभोमंडळ शेजारच्या आळीसारखें झालें, आणि अंतर या गोष्टीचें गांभीर्य नाहींसें झालें. त्या मालिकेचे गुण इतरत्र आहेत. अंतराविषयीं तिला सांगण्यासारखें फारसें कांहीं उरलें नाहीं. उलट २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटांत, ज्याच्या सिद्धतेंत थॉर्न यांचा मोठा वांटा होता, कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर घालविलेला एक तास म्हणजे पृथ्वीवरचीं सात वर्षें. तेथून परतलेला बाप आपल्या मुलांचे तेवीस वर्षांचे निरोप एका बैठकींत पाहतो. शेवटीं मुलगी वृद्ध होऊन मृत्युशय्येवर असतांना तिची व त्याची भेट होते. प्रेक्षक हेलावतो तो येथें, कारण येथें किंमत मोजली गेली आहे. त्याच चित्रपटांतील शनीजवळचें कृमिविवर मात्र कोणा अज्ञातांची देणगी म्हणून येतें, आणि अखेरीस तिचें श्रेय भावी मानवांच्या पदरीं टाकून कथा मोकळी होते. हा भाग सर्वांत दुबळा वाटतो, यांत आश्चर्य नाहीं. फुकट मिळालेल्या वाटेवर नाट्य उगवत नाहीं. थॉर्न यांनीं या चित्रपटावरील आपल्या पुस्तकांत मात्र एक अनुकरणीय पद्धत ठेवली आहे : सिद्ध सत्य कोणतें, साधार तर्क कोणता आणि निव्वळ कल्पना कोणती, हें त्यांनीं तीन वेगळ्या खुणांनीं वाचकाला दाखविलें आहे.

मराठीला ही शिस्त अपरिचित नाहीं. जयंत नारळीकर यांनीं १९७४ मध्यें मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें पाठविली आणि ती पहिली आली. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनीं मांडलेल्या विश्वविचारांत ऋण ऊर्जेचें एक क्षेत्र गृहीत धरलें होतें; तो विचार बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं स्वीकारला नाहीं, पण ‘ऋण ऊर्जा’ हे दोन शब्द किती जड आहेत हें जाणणारा लेखक आपल्या भाषेंत कथा लिहीत होता, ही गोष्ट लहान नव्हे. २०२५ मध्यें ते निवर्तले. त्यांच्या मागून येणाऱ्या लेखकांनीं दिक्काल जरूर वांकवावा. ककुद्मीला हवें तर वेळेवर घरीं आणावें. मात्र कोणत्या द्रव्यानें वांकविला, तें कोठून आणलें, पुढें जाऊन रूळ कोणी टाकले आणि त्या पहिल्या माणसाच्या घरीं त्याची वाट पाहत कोण म्हातारें झालें, हें त्यांनीं वाचकाला सांगावें. आमच्या मतें उद्यांची चांगली विज्ञानकथा त्या पहिल्या माणसाची असेल.